एकाच वेळी अनेकांना भेटताना

जोडीदाराच्या शोधात एकाच वेळी दोघा-तिघांना भेटत असाल, तर ते समोरच्या व्यक्तीला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत स्वतःहून सांगावे. तोवर तिच्या मनात फारशा अपेक्षा रुजलेल्या नसतात आणि थांबायचे की पुढे जायचे, हे तिला मोकळेपणाने ठरवता येते. ‘बघू, कसं जमतंय ते’ असे मोघम बोलू नये, कारण ऐकणारा त्यातून आपल्याला हवा तोच अर्थ काढतो. ‘मी सध्या आणखीही काही जणांना भेटते आहे आणि एवढ्यात कुणा एकाशी बांधून घेण्याचा माझा विचार नाही’ हे वाक्य कोरडे वाटले, तरी त्यात फसवणूक नाही. इतरांची नावे आणि तपशील मात्र सांगू नयेत. ती त्यांची खासगी बाब आहे.

माझ्या मते शब्दांपेक्षा वागण्यातून अधिक दिशाभूल होते. रोज रात्री न चुकता मेसेज करायचा, पुढच्या वर्षीच्या सहलीचे बेत आखायचे आणि मग ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ म्हणायचे, हा सरळसरळ अन्याय आहे. समोरची व्यक्ती प्रत्येक सुट्टी तुमच्यासाठी राखून ठेवू लागली, की हा विषय पुन्हा काढावा.

शरीरसंबंध असतील, तर कंडोम वापरावा आणि नियमित तपासणी करावी; एचआयव्हीची प्रयोगशाळेतील अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीही (रक्तातील विषाणूचे अंश आणि प्रतिपिंडे शोधणारी) संसर्ग झाल्यावर साधारण १८ ते ४५ दिवसांनीच तो दाखवते.

थांबायचे ठरले, तर उत्तरे देणे हळूहळू बंद करू नये; फोन करून तसे स्पष्ट सांगावे.