शरदाच्या तोंडावर छोटे ससाणे कसे पाहावेत

छोट्या ससाण्यांच्या मागे हिंडू नका. त्यांचं भक्ष्य कुठे जमतं ते हेरा आणि तिथे तासभर बसा. पायपीट करून जे दिसत नाही ते असं बसून दिसतं.

हॉबी ससाण्यासाठी तळ्याकाठची, वाऱ्यापासून आडोसा असलेली बाजू गाठा, कारण चतुर तिथेच गोळा होतात. ऊन तापल्याशिवाय चतुर उडत नाहीत, म्हणून पहाटे जाण्यात अर्थ नाही. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ बरी. संध्याकाळी भिंगऱ्या बोरूच्या बेटात उतरतात, तिथे पुन्हा संधी मिळते. भिंगऱ्यांचा थवा एकदम कलकलाट करत वर उसळला, की लगेच आकाशात बघा. सप्टेंबर सरत आला की हॉबी आफ्रिकेकडे निघू लागतात, तेव्हा उशीर नको.

खरूचीसाठी, म्हणजे केस्ट्रेल या छोट्या ससाण्यासाठी, कापणी झालेलं शेत, बांध आणि तारा पाहा. वारा असेल तर ती वाऱ्याकडे तोंड करून, शेपटीचा पंखा पसरून हवेत एका जागी फडफडत थांबते. शरीर हलत असतं, डोकं मात्र तसूभरही हलत नाही. वारा पडला की हे काम फार दमवणारं, मग ती खांबावर बसूनच उंदीर-नाकतोड्यांवर नजर ठेवते. अशा दिवशी खांब एकेक करून तपासा.

ओळख रंगावरून ठरवू नका. या दिवसांत यंदाची पिल्लं फिरत असतात आणि ती फसवतात: हॉबीच्या पिल्लाला प्रौढाची तांबडी मांडी नसते, खरूचीचा तरुण नर मादीसारखाच पट्टेरी दिसतो. उडण्याची ढब पाहा. हॉबीचे पंख कोयत्याच्या पात्यासारखे लांब, मागे वळलेले; दुरून ती मोठी पाकोळीच वाटते. मर्लिन हा आणखी एक छोटा ससाणा जमिनीलगत सुसाट जातो. पंख आखूड आणि गोलसर, चार-सहा फटके मारून तरंगणं, असं असेल तर तो ससाणा नव्हे, चिमणीमार शिकरा. कोकिळेच्या कुळातली पिल्लंही याच दिवसांत चकवतात.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. दहापटीच्या वर हात थरथरतो आणि झेपावणारा पक्षी चौकटीत सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबा. नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांकडे आणा. उलट केलंत तर पक्षी हरवलाच. निळ्या रिकाम्या आकाशात नजर स्थिरावत नाही, म्हणून ढगाच्या कडेवर फोकस करून मग आकाश चाळा. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते.

हॉबीने चतुर पकडला की घाईने पुढच्या पक्ष्याकडे वळू नका. ती उडता उडताच पाय पुढे घेते, मान खाली वाकवते, आणि चतुराचे तोडलेले पंख खाली तरंगत येतात. दुर्बिणीतून हे स्वच्छ दिसतं.

बसलेला पक्षी अंग आवळून एकटक तुमच्याकडे पाहू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात; सावकाश मागे सरा. गाडीत बसून पाहणं सोयीचं, कारण उभ्या गाडीला ते माणसापेक्षा कमी बुजतात. फक्त इंजिन बंद करा आणि दार उघडू नका.