प्रबंधात मुक्त सॉफ्टवेअरचा संदर्भ कसा द्यायचा

समजा, गोव्यात ताळगावच्या पठारावर बसून मांडवीकाठच्या खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनींवर प्रबंध लिहिताय. नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढले, आकडेमोड आर या सांख्यिकी भाषेत केली. मग ‘विश्लेषण आरस्टुडिओत केले’ एवढ्यावर भागवू नका. आरस्टुडिओ ही आर वापरताना नुसती बसायची जागा. गणित आर आणि त्याची पॅकेजेस (जोडून घ्यायचे तयार कोडसंच) करतात. संदर्भ त्यांचाच हवा.

आरमध्ये ‘सायटेशन’ हे फंक्शन रिकाम्या कंसासह चालवलं की आरचा संदर्भ तयार मिळतो. कंसात अवतरणचिन्हांत पॅकेजचं नाव घातलं की त्या पॅकेजचा. आवृत्त्यांची यादी मात्र विश्लेषण झालं त्याच दिवशी साठवा: आरमध्ये ‘सेशनइन्फो’, पायथन भाषेत काम केलं असेल तर ‘पिप फ्रीझ’. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कुणी अपडेट मारला की आकडे कुठल्या आवृत्तीतून आले हे मागाहून सांगता येत नाही. प्रबंधात वापरलेली आवृत्ती लिहायची, आजची नव्हे.

पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजसारख्यांचा स्वतःचा शोधलेख आहे (नेचर, २०२०). तो द्याच, पण लेखावरून आवृत्ती कळत नाही. ती पद्धतीच्या प्रकरणात वेगळी लिहा.

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सॉफ्टवेअरसोबत सायटेशन डॉट सीएफएफ ही संदर्भाची फाईल असली की संदर्भ कॉपी करायचं बटण आपोआप दिसतं. नसेल तर रीडमी ही माहितीची फाईल वाचा. नुसती गिटहबची लिंक मात्र कच्ची: मालक रिपॉझिटरी (कोडचा साठा) कधीही हलवतो, पुसतो. झेनोडो या संशोधन साठवायच्या संकेतस्थळावर प्रत असेल तर डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) घ्या, आणि इथेच बहुतेकजण फसतात. तिथे डीओआय दोन प्रकारचे असतात. ‘सर्व आवृत्त्या’वाला नेहमी सर्वांत नव्या प्रतीकडे नेतो, तुम्हाला हवा तुमच्या आवृत्तीचा. आवृत्ती क्रमांकच नसेल तर गिट कमिटचा हॅश (कोडमधल्या त्या बदलाच्या नोंदीची ओळखखूण) द्या, पूर्ण ४० अक्षरी.

बिबटेक या संदर्भसूचीच्या फाईलमध्ये ‘आर कोअर टीम’ हे लेखकनाम दुहेरी महिरपी कंसात ठेवा, नाहीतर ‘टीम’ आडनाव ठरून यादी विनोदी दिसते. झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकार ‘सॉफ्टवेअर’ निवडा आणि संस्थेचं नाव एकाच रकान्यात भरा.

हे सगळं संदर्भसूचीत जायला हवं. तळटीप किंवा ऋणनिर्देश उद्धरण-निर्देशांकांत (कुणाचा संदर्भ किती वेळा दिला गेला ते मोजणाऱ्या याद्यांत) मोजले जात नाहीत, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पुढचं अनुदान मागताना तोच आकडा दाखवावा लागतो. मजकूर टंकायला वापरलेल्या लिब्रेऑफिसचा संदर्भ मात्र कुणी मागत नाही. निकालावर ज्याचा परिणाम झाला, तेवढंच सूचीत घ्या.