तेलविहिरीतलं खोल पाणी: नमुना कसा घ्यावा, आकडे कसे वाचावेत

तेलासोबत वर येणारं पाणी बाटलीत भरलं म्हणजे भूस्तरातलं पाणी हाती आलं असं होत नाही. अडीच-तीन हजार मीटर खाली, शंभर अंश सेल्सियसच्या आसपास, ते खडकातल्या खनिजांशी समतोल साधून होतं. वर येताना दाब उतरतो, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निसटतात, कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) नळीतच साचू लागतं आणि हवा लागली की विरघळलेलं लोह तांबूस गाळ होऊन बसतं. इथे जे हरवतं ते पुढे कितीही चांगल्या प्रयोगशाळेत परत मिळत नाही. म्हणून काय जागेवर मोजायचं आणि काय बाटलीत राखायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

पहिलं काम विहिरीचा इतिहास वाचण्याचं. एकाच थरातून उत्पादन घेणारी, भरपूर पाणी देणारी आणि बराच काळ सलग चालू असलेली विहीर निवडा. नुकतंच आम्ल सोडलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि क्लोराइड फुगलेलं दिसतं. पोटॅशियम क्लोराइडचा चिखल (खोदताना विहिरीत सोडतात तो द्रव) वापरून खोदलेल्या विहिरीत पोटॅशियम भलतंच येतं. वायूच्या विहिरीतलं पाणी बऱ्याचदा वाफ थंड होऊन बनलेलं पाणी असतं, त्यात क्षार नगण्य असतात आणि भूस्तराबद्दल ते फारसं काही सांगत नाही. शेजारच्या विहिरीत समुद्राचं पाणी सोडत असतील, तर तेही नोंदवून ठेवा.

नमुना साठवण टाकीतून कधीही घेऊ नका. विहिरीच्या तोंडाजवळच्या झडपेतून घ्या, तोही तेल-पाणी वेगळं करणारी आणि गंजरोधक रसायनं सोडतात त्या जागेच्या अलीकडून. झडप उघडण्याआधी हायड्रोजन सल्फाइडचा मापक अंगावर हवाच. हा वायू हवेत १०० पीपीएमच्या आसपास पोचला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, त्यामुळे वासावर भरवसा ठेवू नका. नळी नीट वाहू द्या. मग तळाशी तोटी असलेला १०-२० लिटरचा कॅन आधी नायट्रोजनने भरून घ्या आणि नळी तळापर्यंत घालून पाणी भरा. तेल वर तरंगेपर्यंत थांबा आणि खालच्या तोटीतून पाणी काढा. ते आधी काचलोकरीतून, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाऊ द्या. काचलोकर वगळली तर तेलामुळे फिल्टर लगेच तुंबतो.

धातूंसाठीच्या बाटलीत गाळलेलं पाणी घेऊन नायट्रिक आम्लाने पीएच २च्या खाली आणा. सल्फ्युरिक आम्ल मुळीच वापरू नका, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम तिथल्या तिथे खाली बसतील. क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेटसाठी आम्ल न घातलेली वेगळी बाटली ठेवा. सल्फाइड झिंक अ‍ॅसिटेटने बांधून ठेवा. सिलिका मोजायची तर जागेवरच १ भाग नमुना ९ भाग शुद्ध पाण्यात मिसळा, नाहीतर पाणी थंड होताना तिच्या साखळ्या बनतात आणि आकडा कमी येतो. समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) काचेची बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा.

तापमान, पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल रिचवण्याची पाण्याची क्षमता) विहिरीवरच मोजा. पीएचच्या काचगोळ्यावर तेलाचा पातळ थर बसला की आकडा सरकतच राहतो, त्यामुळे दर मोजणीआधी तो सौम्य साबणाने धुऊन बफरमध्ये, म्हणजे पीएच माहीत असलेल्या द्रावणात, तपासा.

अल्कलिनिटीत मोठा सापळा आहे. साध्या भूजलात ती जवळजवळ सगळी बायकार्बोनेटची असते, इथे तसं नाही. साधारण ८० ते १२० अंशांच्या थरांत अ‍ॅसिटेटसारखे सेंद्रिय आम्लांचे आयन लिटरला हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतात. अल्कलिनिटी मोजायला थेंबाथेंबाने आम्ल घालत जाता (टायट्रेशन) आणि ४.५ पीएचला थांबता, तेव्हा त्यांचा अर्ध्याहून मोठा भाग आम्ल खाऊन बसलेला असतो. १,००० मिलिग्रॅम अ‍ॅसिटेट सुमारे ६०० मिलिग्रॅम खोटं बायकार्बोनेट दाखवतं. तो आकडा तसाच वापरला, तर कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि कॅल्साइट साचण्याचा धोका, दोन्ही फुगून येतात. म्हणून सेंद्रिय आम्लांसाठी वेगळी बाटली घ्या, जिवाणूंनी ती खाऊ नयेत म्हणून लगेच थंड करा आणि त्यांचा वाटा वजा करा.

प्रयोगशाळेला घनता मोजायला सांगा. मिठाने जवळजवळ संपृक्त पाण्याची घनता १.२पर्यंत जाते, त्यामुळे लिटरमागे आणि किलोमागे यांची गल्लत झाली तर २० टक्क्यांची चूक होते. मग धन आणि ऋण आयनांच्या भारांची वेगवेगळी बेरीज करा. दोन्हींतला फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. तो शून्यच आला तर मात्र सावध व्हा. जुन्या अहवालांत बऱ्याचदा सोडियम मोजलेलंच नसतं, उरलेल्या भाराएवढं लिहिलेलं असतं, म्हणून हिशेब आपोआप जुळतो. बेरियम आणि सल्फेट दोन्ही भरपूर दिसले, तर दोन थरांचं पाणी मिसळलं आहे किंवा खोदाईच्या चिखलातली बॅराइटची (बेरियम सल्फेटची) पूड गाळणीतून सुटली आहे.

आता समजा, लिटरला मिलिग्रॅममध्ये असे आकडे आले: सोडियम ३०,०००, कॅल्शियम ६,०००, मॅग्नेशियम ७००, पोटॅशियम ४००, क्लोराइड ५७,०००, ब्रोमाइड ३००, बायकार्बोनेट ४००, सल्फेट ५०. भारांमधला फरक २ टक्क्यांच्या आत आहे. क्लोराइड समुद्राच्या तिप्पट, म्हणजे समुद्राचं पाणी तिप्पट आटलं असं म्हणावंसं वाटतं. पण समुद्रात क्लोराइड-ब्रोमाइडचं वजनी गुणोत्तर सुमारे २९० असतं आणि मीठ साचेपर्यंत ते बदलत नाही. इथे ते १९० आहे. मिठाच्या स्फटिकात ब्रोमाइड फारसं शिरत नाही, म्हणून मीठ साचू लागलं की उरलेल्या पाण्यात हे गुणोत्तर उतरतं. अर्थात हे पाणी दहापटीहून जास्त आटलं, त्यातून मीठ साचलं आणि नंतर गोड्या पाण्याने ते पातळ झालं. पुरलेलं मीठ विरघळून क्षार आले असते तर हेच गुणोत्तर हजारांत गेलं असतं.

ब्रोमाइड समुद्राच्या (लिटरला ६७ मिलिग्रॅम) साडेचारपट आहे. तीच पट धरून बाकीचा हिशेब मांडा. मॅग्नेशियम ५,८०० हवं होतं, आहे ७००. म्हणजे लिटरमागे २१० मिलिमोल गेलं, बहुधा चुनखडीचा डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) होताना, आणि तेवढंच कॅल्शियम पाण्यात आलं. समुद्रातून आलेलं कॅल्शियम ४६ मिलिमोल. गेलेलं सल्फेट १२६, ते जिप्समच्या रूपात साचलं असं धरलं तर तेवढंच कॅल्शियम घेऊन गेलं. उरायला हवं १३०, मोजलेलं १५०. जादा २० प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या कॅल्शियमयुक्त खनिजाचा अल्बाइट (त्याचं सोडियमचं रूप) होताना सुटलेलं असू शकतं, पण एवढ्या फरकावर सिद्धांत उभारू नका.

खालची स्थिती परत मांडायला फ्रीक्यूसीसारखी (PHREEQC, पाण्याच्या रसायनाचा हिशेब करणारी) संगणक प्रणाली वापरा आणि तिच्यात पिट्झरच्या, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यासाठीच्या, समीकरणांची माहितीसंहिता निवडा. नेहमीची डेव्हिस पद्धत आयनिक तीव्रता (पाण्यातल्या आयनांच्या एकूण भाराचं माप) ०.५च्या पुढे गेली की भरकटते आणि वरचा नमुना १.५च्याही पुढे आहे. संगणकात निसटलेला कार्बन डायऑक्साइड थराच्या तापमानाला कॅल्साइट जेमतेम संपृक्त होईपर्यंत परत मिसळा, मग येणारा पीएच खालच्या पीएचच्या जवळचा असतो.

शेवटी मॅग्नेशियम-लिथियमचा तापमापक लावा, म्हणजे या दोन्हींच्या प्रमाणावरून थराचं तापमान काढा. दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये घेऊन मॅग्नेशियमच्या वर्गमुळाला लिथियमने भागा, त्याचा लॉग घ्या, ५.४७ मिळवा, २,२०० ला त्या बेरजेने भागा आणि २७३ वजा करा. लिथियम १२ मिलिग्रॅम असेल तर उत्तर १०५ अंश येतं. विहिरीत मोजलेलं तापमान याच्या १०-१५ अंशांत असेल तर नमुना विश्वासाचा आहे. ते ७० निघालं, तर पाणी अधिक खोल थरातून वर सरकलं आहे किंवा नमुन्यात बाहेरचं काही मिसळलं आहे. अशा वेळी आधी विहिरीच्या नोंदी पुन्हा उघडा.