आयर्लंडमधील गरीब पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

जमीनदार घराण्याचा इतिहास खरेदीखतांत, मृत्युपत्रांत आणि थडग्यांवरील लेखांत सापडतो. एकोणिसाव्या शतकातील आयरिश शेतमजुराने यांपैकी बहुधा काहीच मागे ठेवलेले नसते. त्याचे नाव कागदावर आले ते कोणाला तरी त्याची मोजदाद करायची होती, त्याच्याकडून काही वसूल करायचे होते किंवा त्याच्यावर खर्च करावा लागत होता म्हणून. त्यामुळे प्रत्येक नोंद कोणी आणि कोणत्या हिशेबासाठी ठेवली याचा आधी विचार केला, तर तिच्यात काय मिळेल याचा अंदाज बराचसा बरोबर ठरतो.

शोधात नावापेक्षा ठिकाण अधिक उपयोगी पडते. एकाच काउंटीत (जिल्ह्यात) एकाच नावाच्या अनेक व्यक्ती आढळतात, शिवाय आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी लिहिला जाई, कधी गळून पडे. म्हणून ‘टाउनलँड’ हे सर्वांत लहान भौगोलिक एकक शोधून काढावे. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड आयर्लंडमध्ये आहेत. त्या टाउनलँडची सिव्हिल पॅरिश (सरकारी कामकाजाचा विभाग), कॅथलिक पॅरिश (चर्चचा विभाग) आणि पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग) कोणती, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे, कारण या तिन्हींच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत आणि युनियन तर काउंटीची हद्दही ओलांडते. केवळ ‘कॉर्क’ किंवा ‘मेयो’ एवढेच ठाऊक असेल, तर पूर्वज स्थलांतर करून जिथे गेले त्या देशातील चर्चची विवाहनोंद, मृत्यूचा दाखला आणि थडग्यावरील मजकूर आधी तपासावा.

आयर्लंडमधील शोध १९११ च्या जनगणनेपासून मागे नेणे सोयीचे असते. २ एप्रिल १९११ आणि ३१ मार्च १९०१ या दोन जनगणनांचे कौटुंबिक तक्ते टिकले असून नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले, तर १८२१ ते १८५१ च्या तक्त्यांपैकी बहुतेक सर्व जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जळाले.

बहुतेक लोक कुटुंबाचा तक्ता पाहून थांबतात. गरिबांच्या बाबतीत घरांचा तक्ता तितकाच महत्त्वाचा आहे. त्यात भिंती, छप्पर, खोल्या आणि दर्शनी खिडक्यांच्या माहितीबरोबरच घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे त्याचे नाव असते, आणि मजुराच्या बाबतीत तो बहुधा त्याला काम देणारा शेतकरी असतो. १९११ मध्ये विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली आणि किती हयात आहेत हेही विचारले होते, त्यामुळे दोन जनगणनांच्या दरम्यान जन्मून दगावलेल्या मुलांचा मागही लागू शकतो.

वयावर मात्र विसंबू नये. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येक वृद्धांचे वय पंधरा-वीस वर्षांनी वाढलेले दिसते. सत्तरी पूर्ण केलेल्यांना जानेवारी १९०९ पासून सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि सर्वांच्या जन्मांची नागरी नोंदणी १८६४ मध्येच सुरू झाली असल्यामुळे अर्जदारांकडे जन्माचा दाखला नव्हता. वयाच्या पुराव्यासाठी १८४१ आणि १८५१ चे तक्ते, ते जळण्यापूर्वी, शोधले जात. या शोधांचे अर्ज जपले गेले आहेत आणि ते शोधकर्त्यांकडून अन्यायाने दुर्लक्षिले जातात. ‘नोंद सापडली नाही’ असा शेरा असलेला अर्जही वगळू नये, कारण त्यावर अर्जदाराने सांगितलेली आईवडिलांची नावे आणि टाउनलँड असते.

१८६४ च्या मागे जाण्यासाठी पॅरिशच्या वह्या लागतात. कॅथलिक पॅरिशच्या साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची मायक्रोफिल्म नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ पासून विनामूल्य खुली केली आहे. शहरांत या वह्या लवकर सुरू होतात, पश्चिमेकडील गरीब भागांत त्या कधी कधी १८४० नंतरच्याच असतात, आणि दफनाच्या नोंदी क्वचित आढळतात. नावे अनेकदा लॅटिनमध्ये असल्याने जेम्सचा ‘जाकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ होतो. एकाच बाप्तिस्म्यावर समाधान न मानता त्या जोडप्याच्या सर्व मुलांच्या नोंदी गोळा कराव्यात. आईचे माहेरचे आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली की नातलगांचा गोतावळा उभा राहतो, आणि एकाच नावाची दोन जोडपी वेगळी करण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. विवाह बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होत असे, हेही लक्षात ठेवावे.

१८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे कर बसवण्यासाठी केलेल्या मालमत्तेच्या मूल्यमापनात, घर किंवा जमीन धारण करणाऱ्याचेच नाव येते. इतरांच्या घरी राहणारा मजूर त्यात नसतो, म्हणून नाव न सापडल्यास कुटुंब तिथे नव्हतेच असा निष्कर्ष काढू नये.

१८३८ च्या पुअर लॉ या गरिबांच्या मदतीच्या कायद्याने देश प्रथम १३० युनियनमध्ये विभागला गेला आणि १८४० च्या दशकातील मोठ्या दुष्काळानंतर ही संख्या १६३ झाली. प्रत्येक युनियनचे एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून घेणारे सरकारी आश्रयगृह, असे. त्याच्या प्रवेश-निर्गम वहीत नाव, वय, धर्म, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, आजार किंवा अपंगत्व, येतानाची अवस्था, राहण्याचे ठिकाण आणि बाहेर पडल्याची किंवा मृत्यूची तारीख असते. राहण्याचे ठिकाण लिहिण्यामागे हिशेब होता, कारण खर्चाचा भार त्या माणसाच्या इलेक्टोरल डिव्हिजनमधील (युनियनच्या उपविभागातील) करदात्यांवर टाकला जाई. म्हणून फिरस्त्या मजुराचे मूळ ठिकाणही येथे मिळू शकते. आजूबाजूचे अनुक्रमांकही वाचावेत, कारण एकत्र आलेले कुटुंब सलग ओळींत लिहिलेले असे, आणि तीच माणसे काही महिन्यांनी पुन्हा दाखल झालेली दिसतात. १८४७ पासून पाव एकरापेक्षा अधिक जमीन धारण करणाऱ्याला सार्वजनिक मदत नाकारली जाई, त्यामुळे दुष्काळात वहीत नाव येण्यापूर्वी कुटुंबाने जमीन सोडली होती का, हे तपासणे योग्य ठरते.

या वह्या सर्वत्र टिकलेल्या नाहीत. डब्लिनच्या उत्तर आणि दक्षिण युनियनच्या वह्या चांगल्या प्रकारे उपलब्ध आहेत, उत्तर आयर्लंडच्या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत, तर इतरत्र काउंटीच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात चौकशी करावी. बऱ्याच ठिकाणी केवळ बोर्ड ऑफ गार्डियन्सची (युनियनचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची) इतिवृत्ते उरली आहेत. त्यांत सर्वसामान्य रहिवाशांची नावे सहसा नसतात, पण सरकारी मदतीने परदेशी पाठवलेल्यांची किंवा बाहेरच्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांची नावे येऊ शकतात. १८४८ ते १८५० मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या चार हजारांहून अधिक अनाथ मुलींचा शोध याच वाटेने घ्यावा लागतो. १८६४ नंतरच्या मृत्यूंसाठी नागरी नोंदणीत मृत्यूचे ठिकाण म्हणून ‘वर्कहाउस’ शोधावे. तिथे माहिती देणारा कर्मचारी असल्यामुळे वय अंदाजाने लिहिलेले असू शकते. याखेरीज किरकोळ खटले चालवणाऱ्या पेटी सेशन्स न्यायालयांच्या वह्या आणि १८६६ पासूनच्या कुत्र्यांच्या परवान्यांच्या नोंदी पाहाव्यात, कारण जमीन नसलेल्या माणसाकडेही कुत्रा असे आणि परवाना देताना त्याचे नाव व पत्ता लिहून घेतला जाई.