बोलका ठोकळ्यांचा डबा: बाळाला कसा द्यावा, बिघडला तर काय करावं

डब्याच्या झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं, त्यात बसणारे ठोकळे, आणि ठोकळा आत पडला की आकाराचं नाव घेणारा किंवा गाणं वाजवणारा आवाज. हे खेळणं आणताना अनेकांचा समज असतो की डब्याला आकार कळतो. बहुतेक डब्यांना तो कळत नाही. भोकाखाली प्लॅस्टिकची एक तिरपी पट्टी असते. पडणाऱ्या ठोकळ्याने ती खाली झुकते, तिचं टोक एक रबरी बटण दाबतं आणि त्या बटणाला नेमून दिलेला आवाज वाजतो. त्रिकोणाच्या भोकातून बोट घातलं तरी डबा "त्रिकोण" असंच म्हणतो. काही खेळण्यांत ठोकळ्याच्या बुडाला चुंबक किंवा वेगवेगळ्या जागी खुंट्या असतात. तीच काय ती ठोकळा ओळखू शकतात. आपला डबा कोणत्या जातीचा आहे ते पेन्सिल भोकात घालून बघा. पेन्सिलीलाही तो "चौकोन" म्हणाला, तर त्याच्याकडून शिकवणीची अपेक्षा ठेवू नका.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की पट्टी दाबली की आवाज येतो हे बाळाला लवकर उमगतं. मग ठोकळे राहतात बाजूला आणि बोटाने पट्टी दाबणं हाच खेळ होऊन बसतो. हातांना आकार समजायच्या आत आवाज सुरू केला, तर हे हमखास होतं.

हाती देण्याआधी

प्रत्येक ठोकळा प्रत्येक भोकात घालून बघा, उभा आणि आडवासुद्धा. इथे बऱ्याच डब्यांची चूक सापडते. त्रिकोणी ठोकळा आडवा धरला की समोरून तो आयतासारखा दिसतो. त्याची लांबी आणि बाजू दोन्ही चौकोनी भोकापेक्षा लहान असतील, तर तो तिथून सरळ आत जातो. गोल ठोकळ्याचा व्यास चौकोनी भोकाच्या बाजूपेक्षा कमी असला, तर तोही जातो. भोकाची बाजू ४० मिमी असेल, तर गोल ठोकळा ४० मिमीपेक्षा जाड हवा, आणि गोल भोक ५६ मिमीपेक्षा लहान हवं, नाहीतर ४० मिमीचा चौकोनी ठोकळा त्यातून आत जाईल (४० मिमीच्या चौकोनाचा कर्ण साधारण ५६.५ मिमी भरतो). माप चुकलेला डबा फेकून द्यायची गरज नाही. फक्त चुकीच्या भोकात ठोकळा गेला म्हणून बाळाला "नाही, नाही" म्हणू नका. त्याने पाहिलं ते बरोबरच होतं.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जे चाचणीचं नळकांडं वापरतात त्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो आणि तळ तिरपा, २५.४ पासून ५७.१ मिमी खोलीपर्यंत. त्यात कुठल्याही बाजूने पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या. ती याहून थोडी रुंद असते, म्हणून कसोटी जरा कडकच होते. नळीतून जो ठोकळा आरपार पडतो तो देऊ नका. ठोकळे दोन भाग चिकटवून केलेले असतील, तर सांध्यात नख घालून बघा.

सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं ना, ते तपासा. नुसतं दाबून उघडणारं झाकण असलेला डबा लहान मुलासाठी घेऊच नये. आत चपटे बटण-सेल असतील तर दुप्पट काळजी. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजू शकतो. तसा संशय जरी आला तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा.

सुरुवात आवाजाशिवाय

सहा ते नऊ महिन्यांचं बाळ ठोकळा तोंडात घालतं, आपटतं, एका हातातून दुसऱ्या हातात घेतं. तेव्हा झाकण काढून ठेवा. भरलेला डबा पालथा करणं हाच त्या वयाचा खेळ. वर्षाच्या आसपास वस्तू आत टाकायला मजा वाटू लागते. अजूनही झाकण नकोच. झाकणाची वेळ साधारण वर्ष-सव्वा वर्षानंतर येते, आणि तेव्हाही भोक एकच उघडं ठेवायचं: गोल. बाकीची भोकं झाकणाच्या आतल्या बाजूने पुठ्ठा चिकटवून बंद करा. बाहेरून चिकटपट्टी लावली तर बाळ ती सोलून तोंडात घालेल.

डब्याखाली ओलसर फडकं अंथरा, म्हणजे ढकलल्यावर डबा सरकत नाही. झाकण बाळाकडे थोडं कलतं ठेवा. एक ठोकळा तुम्ही सावकाश टाका. टाकताना बोलू नका. हात पाहायचा की तोंड, असा घोळ होतो. ठोकळा पडला की "गोल" एवढंच म्हणा. डबा इंग्रजीत बोलणारा असला तरी घरातले शब्दच आधी येऊ द्या: गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी, बदाम.

मग चौकोन. चौकोनी ठोकळा चार प्रकारे बसतो, म्हणून कितीही वाकडा धरला तरी ४५ अंशांपेक्षा जास्त फिरवावा लागत नाही. समभुज त्रिकोण तीनच प्रकारे बसतो, तिथे ६० अंशांपर्यंत फिरवावं लागतं. पाच टोकांच्या चांदणीला ३६ अंशच पुरतात, पण तिची टोकं कडेला अडकतात, म्हणून ती दिसते तेवढी सोपी नाही. षटकोन ३० अंशांत बसतो, पण तो गोलासारखा दिसतो. म्हणून हे दोन ठोकळे सुरुवातीला एकत्र देऊ नयेत. सर्वांत अवघड बदाम. तो एकाच प्रकारे बसतो, त्यामुळे प्रसंगी पूर्ण उलटा, १८० अंश फिरवावा लागतो. पॅकेटावर आकार कुठल्याही क्रमाने छापलेले असोत, बदाम शेवटी ठेवा. गोल, चौकोन, त्रिकोण हे तिन्ही बऱ्याच मुलांना दोन वर्षांच्या आसपास जमतात, बाकीचे अडीच-तीनपर्यंत. महिना-दोन महिने इकडेतिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही.

मूल चौकोन भोकावर ठेवून वरून जोर लावतं, फिरवत नाही. अशा वेळी त्याचा हात धरून फिरवू नका. डबा फिरवा. भोक ठोकळ्याखाली आलं की ठोकळा आपोआप पडतो. "फिरवल्यावर पडतो" हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की चार-सहा वेळांनी मनगट वळू लागतं.

तीन ठोकळे न अडखळता पडू लागले, की आवाज सुरू करा, आणि तोही लहान. ठरावीक वेळ कोणी हात लावला नाही, तर डबा झोपी जातो. त्यानंतरचा पहिला धक्का फक्त त्याला उठवतो, आणि आकाराच्या नावाऐवजी स्वागताची धून वाजते. म्हणून बाळाला देण्याआधी एक बटण स्वतः दाबून डबा जागा करून घ्या.

आवाज फार मोठा असेल तर

बाळ डब्यावर कान टेकवून ऐकतं, म्हणून तुम्हाला हातभरावरून बरा वाटणारा आवाज त्याला बराच मोठा लागतो. सोपा उपाय म्हणजे डबा उघडून स्पीकरच्या जाळीवर आतल्या बाजूने पारदर्शक रुंद चिकटपट्टी लावणे. सोल्डरिंग येत असेल, तर स्पीकरच्या एका तारेत २२ ओहमचा रेझिस्टर घाला. ८ ओहमच्या स्पीकरला मग साधारण ११ डेसिबल कमी आवाज मिळतो, आणि शब्द तरीही स्पष्ट राहतात.

सेल

तीन साधे सेल मिळून साडेचार व्होल्ट होतात. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे तिघांचे ३.६. काही डबे तेवढ्यावर नीट चालतात, काही अडखळतात. गाणं सुरू होऊन मधेच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, तेव्हा चिप बिघडली असं समजू नका. स्पीकर वाजताना सेलवर ताण येतो, व्होल्टेज खाली जातं आणि चिप नव्याने सुरू होते. नुसता मीटर लावला तर मरतुकडा सेलही १.३ दाखवतो, म्हणून डबा वाजत असताना मोजा. तिन्ही सेल एकदम बदला. जुन्यात नवा मिसळला तर जुना लवकर गळतो.

अल्कलाइन सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी खरपड दिसते. सेल काढा, हातमोजे घाला, कानकाडीचा कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून खरपडीवर लावा. फेस थांबला की पुसून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगला जोडलेली तार हिरवी पडली असेल, तर तेवढा तुकडा कापून नव्याने जोडावा लागतो.

एकच भोक मुकं झालं तर

बाकी सगळं वाजतं आणि एकच भोक गप्प, याचा अर्थ सेल आणि स्पीकर ठीक आहेत. दोष पट्टीत किंवा त्या एका बटणात. सेल काढून बुडाचे स्क्रू सोडवा. एखादा रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली दडलेला असतो. झाकण जोरात ओढू नका, स्पीकरच्या केसासारख्या तारा सोल्डरपासून तुटतात. फोटो काढून ठेवा.

पट्टी बोटाने हलवा. ती अडत असेल तर बिजागरीत केस, धूळ किंवा वाळलेली लाळ असते. पट्टी मोकळी असेल, तर रबरी बटणांची चादर उचला. प्रत्येक घुमटाच्या आत काळी कार्बनची टिकली दिसेल. ती अल्कोहोलच्या कापसाने हलकेच टिपा, घासू नका, थर निघतो. बोर्डावरची तिच्यासमोरची जागाही तशीच पुसा.

डबा एकसारखा बडबडत असेल, तर पट्टी खाली अडकलेली असते किंवा आत पाणी गेलेलं असतं. सेल लगेच काढा आणि डबा उघडा ठेवून दोन दिवस सावलीत वाळवा. गरम हवेचा झोत दिला तर पट्ट्या वाकतात. पाणी बहुतेक वेळा धुताना जातं. ठोकळे साबणाच्या पाण्यात चालतात (पोकळ ठोकळ्याला बारीक छिद्र असेल तर तेही नुसते पुसा, आत बुरशी धरते), पण डबा फक्त पिळलेल्या फडक्याने पुसायचा.

परत जोडताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. टक् करून तो किंचित खाली बसतो. तिथे जुने आटे सापडले. आता सुलटा आवळा, आणि घट्ट लागताच थांबा. थेट आवळत गेलात तर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पडतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्क्रू नुसताच फिरतो आणि सेलचं झाकण बाळाला उघडता येतं. शेवटी स्क्रू मोजा आणि डबा कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं, तर पुन्हा उघडा.