फॉरमॅट मारून जे जात नाही: सेकंडहँड लॅपटॉपवर विंडोज टाकताना या चुका टाळा

"लॅपटॉप घेतलाय, फक्त एक फॉरमॅट मारून दे ना." असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, "बिल आहे का?" समोरच्याला वाटतं, मी विषय टाळतोय.

विंडोज टाकणं हे आता काही मोठं काम राहिलेलं नाही. एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर अर्ध्या तासात आटोपतं. लोक अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. फॉरमॅटने फक्त डिस्क पुसली जाते. जुन्या मालकाने बायॉसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) घातलेला पासवर्ड, त्याच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टकडे करून ठेवलेली नोंद, विंडोजचं लायसन्स, मागे पडलेलं घड्याळ, हे सगळं मदरबोर्डाला चिकटलेलं असतं. डिस्क दहा वेळा पुसली तरी ते जागचं हलत नाही.

घरी आल्यावर कंपनीचं नाव उगवतं

मित्राचा मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याने कंपन्यांनी वापरून घाऊक विकलेल्या लॉटमधला एक काळा थिंकपॅड (लेनोवोचा लॅपटॉप) घेतला. दुकानात झकास चालत होता. आत दुकानदारानेच बनवलेलं खातं, पासवर्ड १२३४. पोराला सगळं स्वच्छ, स्वतःच्या नावाचं हवं होतं, म्हणून त्याने घरी येऊन रिसेट मारला. वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर स्वागत झालं ते एका भलत्याच कंपनीच्या नावाने. खाली चौकट: तुमचा ऑफिसचा ईमेल टाका. त्याने पेनड्राइव्हवरून पुन्हा विंडोज टाकलं, तेच. शेवटी नवी एसएसडी आणून बसवली. तरीही तेच नाव, तीच चौकट.

याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. नव्या सेटअपमध्ये इंटरनेट मिळालं की लॅपटॉप ती नोंद तपासतो आणि थेट त्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो. ही नोंद काढणं त्या कंपनीच्या आयटीवाल्यांच्या हातात असतं, आपल्या नाही. दुकानदाराने इंटरनेट न जोडता साधं खातं बनवून दिलं असेल तर दुकानात यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते पुढच्या रिसेटला.

म्हणून पैसे देण्याआधी, काउंटरवरच, लॅपटॉप रिसेट करायला सांगा आणि सेटअपमध्ये आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. वीस-पंचवीस मिनिटं जातात, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. मॅकबुक घेत असाल तर तिथे हाच प्रकार ॲक्टिव्हेशन लॉकच्या रूपात भेटतो. जुन्या मालकाचा ॲपल आयडी तुमच्यासमोर निघाला पाहिजे. "नंतर काढून देतो" यावर जाऊ नका.

तिथेच बायॉसही उघडून पाहा. आत शिरताना पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप खाली ठेवा. "बोर्डावरचा सेल काढून परत लावला की पासवर्ड जातो" हे जुन्या डेस्कटॉपच्या जमान्यातलं ज्ञान आहे. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून त्याला काही फरक पडत नाही. बायॉसमध्ये दिसणारा सिरीयल नंबर, लॅपटॉपच्या खालचा स्टिकर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. मी बिल विचारतो ते यासाठी.

लायसन्स न बघता डिस्क पुसणं

फॉरमॅट मारण्याआधी दोन मिनिटं काढून सेटिंग्जमधल्या सिस्टीममध्ये जा आणि ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. तिथे विंडोज होम आहे की प्रो, ते लिहून ठेवा. खाली 'डिजिटल लायसन्स' असं असेल तर निश्चिंत राहा. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं, लायसन्सचा कोड म्हणजे 'की' टाकावी लागत नाही. पण तिथे 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने' अशा अर्थाचं वाक्य असेल आणि तुमची तर कुठलीच संस्था नसेल, तर समजा की हा लॉटवाल्या कंपनीचा अवशेष तरी आहे, नाहीतर क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारी चोरवाट) तरी. फॉरमॅटबरोबर तो जाणार.

यातली नेहमीची फसगत अशी: विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉप बनवणारे विंडोजची की बायॉसमध्येच घालून देतात. की होमची असते, दुकानदाराने वर क्रॅक मारून प्रो टाकलेलं असतं. तुम्ही नव्याने टाकायला घेता, तेव्हा इन्स्टॉलर ती की वाचतो आणि काही न विचारता होम टाकून मोकळा होतो. लोक घाबरून फोन करतात, "प्रो गेलं!" ते तुमचं नव्हतंच. होम ॲक्टिव्हेटेड आहे ना? मग वापरा.

आणि ते क्रॅक मारणारं 'ॲक्टिव्हेटर' नावाचं प्रकरण. जो प्रोग्रॅम चालवण्याआधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करा म्हणतो, त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

आठवी पिढी आणि त्याआधीची

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा हवा. पिढी ओळखायची ती नंबरावरून: आय५-७३००यू हा सातव्या पिढीचा, आय५-८३५०यू आठव्या. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर चटकन फरक कळत नाही, पण पहिला या रेषेच्या अलीकडे राहतो आणि दुसरा बहुधा पलीकडे जातो. दुकानात दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर विचारच करू नका.

जुना आधीच घेऊन बसला असाल तर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या मान्यतेबाहेरचं. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. ब्राउझर, यूट्यूब आणि थोडं टायपिंग एवढंच काम असेल तर अशा मशिनवर मी विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो.

डिस्कच दिसत नाही, म्हणजे एसएसडी गेली?

बहुतेक वेळा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायॉसमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळण्याची इंटेलची सेटिंग चालू असते. मग 'विंडोज कुठे टाकायचं' या पानावर यादी रिकामी येते. मी स्वतः पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा स्क्रू काढून एसएसडी दोनदा काढली-बसवली होती. उपाय दोन आहेत. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि त्या पानावरच्या 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. नुसती सेटअपची फाइल तशीच टाकून ठेवली तर इन्स्टॉलरला काही सापडत नाही. किंवा बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा. हा दुसरा उपाय डिस्क कोरी करायची असेल तरच करा. आत असलेलं विंडोज चालू ठेवून ही सेटिंग बदलली तर पुढच्या वेळी निळा स्क्रीन येण्याचीच शक्यता जास्त.

डिस्क दिसली की पुढची घाई होते. नुसतं सी पार्टिशन (डिस्कचा एक विभाग) फॉरमॅट करून भागत नाही. त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन काढा, एकच 'अनअलोकेटेड' जागा उरू द्या आणि तीच निवडून पुढे जा. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली आहे म्हणून विंडोज टाकता येत नाही, अशी तक्रारही याने मिटते. पण काढण्याआधी आकार वाचा! यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो, आणि घरचे फोटो असलेली एक्स्टर्नल डिस्क लावलेली राहिली असेल तर तीही. लॅपटॉपला पेनड्राइव्ह आणि चार्जर याशिवाय काहीही लावलेलं नको. पुसताना जुन्या मालकाचे फोटो सापडले तर बघत बसू नये, हे वेगळं सांगायला नको.

ज्यावरून विंडोज टाकायचं त्या पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. ८ जीबीचा पुरतो. आयएसओमधल्या (विंडोजच्या डाउनलोड केलेल्या मोठ्या फाइलमधल्या) फाइली हाताने कॉपी करू नका. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टूल किंवा रूफस नावाचं टूल वापरा. पहिला रिस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो आणि तुम्हाला वाटतं, टाकलेलं विंडोज गेलं कुठे.

वायफाय नाही, पुढे जाता येत नाही

विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर यादी कोरी राहते. पुढचं बटण दाबलंच जात नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून देण्याची सोय) चालू करा. बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एकदा आत गेलात की आधी विंडोज अपडेट चालवा, निम्मे ड्रायव्हर तिथेच येतात. उरलेले स्टिकरवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारे प्रोग्रॅम नकोत.

घड्याळ

सर्वात स्वस्त बिघाड आणि सर्वात जास्त डोकेदुखी. मध्यंतरी शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर विंडोज टाकलं. सगळं सुरळीत, पण ॲक्टिव्हेट होईना, अपडेट चालेना आणि प्रत्येक साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही'. मी राउटर बंद-चालू केला, फोनच्या नेटवर पाहिलं, एकदा तर पुन्हा विंडोजही टाकलं. तासाभराने काकू म्हणाल्या, "अरे, यात २०१७ साल का दाखवतंय?" बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता. चार्जर काढला की तारीख मागे जायची, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला वैधच नसायचं. तारीख हाताने दुरुस्त केली, काही मिनिटांत सगळं चालू झालं. सेल नंतर बदलला. तेव्हापासून विंडोज टाकण्याआधी मी बायॉसमधली तारीख बघतो.

सगळं झाल्यावर

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने सेटअप केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. तुम्हाला कोणी विचारत नाही. पुढे कधी बायॉस अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला तर निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या खात्यात ठेवलेली असते, म्हणून खात्याचा पासवर्ड विसरू नका आणि की कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात ठेवा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. नव्या विंडोजवर ऑफिसच्या जुन्या फाइली उघडल्या की मंगल फाँट गायब दिसतो, कारण आता देवनागरीसाठी निर्मला आधीपासून येतो आणि मंगल वेगळा घ्यावा लागतो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे जादा फाँट शोधा आणि बसवा. कोकिळा, उत्साह आणि अपराजिताही त्याच गठ्ठ्यात येतात. कीबोर्ड मात्र भाषेच्या सेटिंगमधून वेगळा जोडायचा: इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तो, नाहीतर फोनेटिक.