तोतोरोची दोन गाणी मुलांना जपानीतच कशी शिकवावीत

‘तोनारि नो तोतोरो’ (शेजारचा तोतोरो) हा जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा १९८८चा ॲनिमेशन चित्रपट, संगीत जो हिसाइशींचं. सुरुवातीच्या नामावलीवर ‘साम्पो’ वाजतं, म्हणजे फेरफटका. शेवटी चित्रपटाच्याच नावाचं गाणं येतं. दोन्ही अझुमि इनोउए यांनी गायलेली. शिकवायला आधी ‘साम्पो’च घ्या. त्याचे शब्द रिएको नाकागावा यांचे. त्या बालवाडीत शिकवत आणि ‘गुरि तो गुरा’ ही चित्रपुस्तकंही त्यांचीच, त्यामुळे ओळी लहान मुलांच्या श्वासाला बेतलेल्या आहेत. शेवटचं गाणं मियाझाकींनी लिहिलंय, त्याच्या कडव्यांत शब्द दाटीने येतात. त्याचं धृपद मात्र पहिल्याच दिवशी जमतं.

ऐकवायला चित्रपटातलंच ध्वनिमुद्रण वापरा. २००२ची वाद्यवृंदाची आवृत्ती सुंदर आहे आणि चित्रपटातल्या वडिलांना आवाज देणारे शिगेसातो इतोइ तिच्यात निवेदन करतात. पण ती वाद्यं ओळखायला ऐकवावी, सोबत गायला नाही.

खरं काम आहे ते शब्द लिहून देण्याचं. रोमन लिपीतला कागद मुलांच्या हाती दिला की ‘टोटोरो’ सुरू होतं आणि मग तो ट जाता जात नाही. जपानी त आपल्या दंत्य त-च्या बराच जवळचा. देवनागरीतच लिहा, पण मराठी शुद्धलेखनाच्या सवयी बाजूला ठेवून. शेवटचा इ ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच लिहा: ‘तोनारि’. दीर्घ लिहिलात की मुलं तो ताणणार. जपानी ‘आ’चा उच्चार आपल्या आ-सारखा, लांबी मात्र अ-इतकीच. म्हणून काना द्या आणि ‘आखूड म्हणा’ असं तोंडी सांगा. ‘वाताशि’ (मी) हा शब्द काना न देता ‘वतशि’ लिहिलात तर मुलं ‘वत्शि’ म्हणतील. ‘त्सु’साठी ‘चूल’मधला च दाखवा, झालं. र जिभेच्या एका हलक्या टिचकीचा, घोळवायचा नाही.

त्याहून महत्त्वाच्या आहेत मात्रा. वृत्तं शिकलेल्यांना हे लगेच कळेल: जपानीत ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. घोटाळा ए आणि ओ-चा. मराठी वृत्तांत ते नेहमी गुरू, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. म्हणून तो-तो-रो या तीन सारख्या मात्रा, एकही लांब नाही. उलट ‘साम्पो’चा पहिला शब्द आ-रु-को-ओ असा चार मात्रांचा आहे. अनुनासिकाचीही स्वतंत्र मात्रा असते: सा-म्-पो तीन, गे-न्-कि तीन, दो-न्-दो-न् चार. कागदावर प्रत्येक मात्रेवर टिंब द्या आणि चाल न लावता टिंबागणिक टाळी देत शब्द म्हणून घ्या. मिनिटाला ६० ठोके, ठोक्याला दोन मात्रा, एवढ्या संथपणे. बोलताना ‘दाइसुकि’चं ‘दाइस्कि’ होतं. गाताना मात्र सु पूर्ण म्हणा.

गाण्यात चाल मधूनमधून मात्रा मोडते, ते कानाने टिपावं लागतं. शेवटच्या गाण्याच्या धृपदात तोतोरोचं नाव जोडीने येतं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा मधला ‘तो’ लांबतो. दोन्ही सारखे म्हटले तर पुढची ओळ लवकर येऊन आदळते.

शब्द बसले की उभं करा. ‘साम्पो’ चार ठोक्यांचं चालण्याचं गाणं आहे, दर ठोक्याला एक पाऊल, पहिल्यावर डावा पाय. आधी ८० ठोके, मग १००, कार्यक्रमात ११० ते १२०. गट धावू लागला तर दोष पायांचा नसतो. मुलं दीर्घ स्वर खातात, ‘को-ओ’चं नुसतं ‘को’ होतं आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत पुढचा शब्द घुसतो. त्यावर उपाय म्हणजे काही दिवस ‘ओ’ वेगळा, मोठ्याने, पाऊल टाकतानाच म्हणायला लावायचा. तो पक्का झाला की स्वर जोडून घ्या.

पेटीवर पांढरी १ (पाश्चात्त्य C) षड्ज धरून सुरू करा. वरचे स्वर ओरडून लागत असतील तर पांढरी ७ किंवा काळी ५वर उतरा. मुलांना खालचा स्वर पुटपुटावा लागला तरी चालेल, वरचा फाटायला नको. आपल्या सवयीने सा-प सतत धरून ठेवू नका. गाण्याखालचे स्वरसमूह बदलत असतात, त्यामुळे प-नि-रें लागायच्या जागी खालून येणारा षड्ज कानाला टोचतो. सा-ग-प, म-ध-सां आणि प-नि-रें एवढ्या तीन जुळण्यांवर साधी साथ निभते. मींड, मुरकी नको, स्वर सुटा लागू द्या. तबल्यावर केरवा मोजणीत बसतो, पण त्याचा झोल चालण्याला आडवा येतो. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर खंजिरी पुरे. सुरुवातीच्या तुकड्यातला बॅगपाइपसारखा आवाज पेटीवर भाता जोरात ठेवून बऱ्यापैकी निघतो.

‘काझे नो तोओरिमिचि’, म्हणजे चित्रपटातल्या मोठ्या झाडाशी जोडलेली धून, या गटाला गायला देऊ नका. ती बासरीवाल्या मोठ्या मुलासाठी ठेवा, दोन गाण्यांच्या मध्ये.

गाण्यांचे हक्क अजून चालू आहेत. शाळेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात, फक्त शाळेतल्यांपुढे आणि पालकांपुढे गायलं तर भारतीय कायद्यात त्याला सूट आहे. तिकीट लावलं किंवा बाहेरच्यांना बोलावलं तर आधी परवानगी घ्या. चित्रफीत इंटरनेटवर टाकणं ही आणखी वेगळी बाब. मूळ ध्वनिमुद्रण मागे वाजत असेल तर त्याचे हक्क निराळे असतात, आणि अशा चित्रफितीचा आवाज पुष्कळदा बंद केला जातो.